दहाचा बोल्ट

बावड्यातलं पुराचं पाणी उतरून दोन महिने झाल्यावर
गाडी बंद पडायला लागली.
आधी सिग्नलला, मग पुलावर,
मग दारातच, गिअर न टाकता.
पिवळा दिवा मीटरवर बसला होता
लग्नघरात रुसलेल्या मामासारखा,
जातही नव्हता, बोलतही नव्हता.

शोरूमवाल्यानं आकडा कागदावर लिहिला
आणि कागद उलटा करून सरकवला.
मी तो सुलटा केला, वाचला,
परत उलटा केला.

म्हणून रविवारी, अंगणात.
काढताना आधी मायनस, मग प्लस,
लावताना आधी प्लस,
हे अप्पांचंच शिकवणं.
मग वीस मिनिटं काहीच करायचं नाही,
उरलीसुरली वीज निथळू द्यायची.
तेवढ्यात चहा झाला.

अप्पा स्टुलावर.
बेचाळीस वर्षं उद्यमनगरात कार्बोरेटर.
इंजिनवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून
त्याची मूठ कानाला लावून
टॅपेट ऐकणारा माणूस.
आता डाव्या कानात यंत्र, सेल संपलेला.

मी डॅशबोर्डखाली, पाठीवर,
पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च.
तीन बोल्ट, दहाचे.
दोन मुकाट्यानं आले.
तिसरा बोटांना दिसत होता, डोळ्यांना नाही,
सुटला तो टणकन कुठंतरी पडला.
कनेक्टरचा खटका दाबून ओढायचा,
जोर केला की तुटतो, नाही केला की हलत नाही.
निघाला एकदाचा डबा,
शाळेच्या वहीएवढा, चंदेरी,
पिनांवर हिरवं,
न घासलेल्या तांब्याला चढतं तसं.
पंचगंगा एवढ्या आत येऊन गेली होती.

"कुठनं उघडतोय ह्यो?"
"उघडत न्हाई."
"मग दुरुस्त कसा करायचा?"
"करत न्हाईत अप्पा. बदलत्यात."
त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला,
नारळ घेताना हलवतात तसा.
"पाणी न्हाई," म्हणाले,
आणि बराच वेळ मांडीवर ठेवून बसले.

दुसरा शिरोलीच्या भंगारातला.
नंबर अक्षर न् अक्षर जुळलेला,
वर मार्करनं 'टेस्ट ओके', कोणाच्या हातचं कोण जाणे.
बसवला. किल्ली फिरवली.
स्टार्टर फिरला, फिरतच राहिला,
इंजिन काही बोलेना.
मीटरवर लाल किल्लीचं चित्र लुकलुकतंय,
म्हणजे गाडी विचारतेय, तू कोण?
पाच वर्षं हप्ते भरले, बाई.

दोन्ही डबे पिशवीत घालून
शाहूपुरीत, दिलशाद शिकलगारच्या टेबलावर,
मोबाईलच्या मेलेल्या बोर्डांच्या ढिगाऱ्यात.
तिनं दोन्हींची शिवण उकलली,
आत आठ पायांची, मसुराच्या डाळीएवढी चिप.
"तुमच्या किल्लीची ओळख हिच्यात. जुन्यातली नव्यात घालते.
टेबलाला टेकू नका."
गरम वाऱ्याचा फुंकर, चिमटा,
श्वास तिनंही धरला, मीही.
सहाशे रुपये.
नव्यातून निघालेली चिप पुडीत बांधून दिली.
कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये, साताऱ्याला नाहीतर निपाणीला,
एक किल्ली पडून असेल
आता कोणीच न ओळखणारी.
पुडी अजून पाकिटात आहे. टाकवत नाही.

दिवेलागणीला गाडी सुरू झाली.
पहिल्याच फिरकीला.
शेजारच्या चौगलेंनी गॅलरीतून टाळी वाजवली.
मी अप्पांकडं बघितलं.
ते बॉनेटवर तळवा ठेवून, डोळे मिटून.
"खडखडतंय."
"कुठं?"
"आत. डाव्या अंगाला."

मॅट उचललं, सीटखाली हात घातला,
चपला झटकल्या.
अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून
चुन्याच्या डबीमागून
बोल्ट काढला, धोतराला पुसला.
"हरवशील म्हणून उचलला हुता."
मी हात पुढं केला.
त्यांनी दिला नाही.
"आदी गाडी बंद कर. मायनस काढ."